चुकत-माकत थायलंड

“थायलंडला? आणि तुम्ही दोघं?”

हिंगणघाटात ज्यांना ज्यांना सांगितले, त्या प्रत्येकाने हेच दोन प्रश्न विचारले. पहिल्या प्रश्नात थायलंडबद्दल संशय होता, दुसऱ्यात आमच्याबद्दल. संशयाचे मला नवल वाटले नाही. आपल्याकडचे पुरुष टोळक्याने तिकडे जातात आणि परत आल्यावर घरी फोटो दाखवत नाहीत, एवढीच त्या देशाची आपल्याला ओळख. चाळिशी ओलांडलेली उर्दू शाळेतली शिक्षिका आणि पाणी उपसायची इंजिने दुरुस्त करणारा तिचा नवरा तिकडे कशाला जातील?

सासूबाईंनी मात्र संशय घेतला नाही, त्यांनी हिशोब मांडला. “एवढ्या पैशात एकाचा उमरा झाला असता.” त्यांच्या या बोलण्याला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही पूर्ण उत्तर नाही. कारण मात्र सांगू शकते.

लग्नाला बावीस वर्षे झाली होती. या बावीस वर्षांत आम्ही प्रवास केला नाही असे नाही. गिरडला गेलो, नागपूरला ताजबागेत गेलो, एकदा अजमेरला गेलो, आणि लग्नांना तर किती गावी गेलो त्याची मोजदाद नाही. पण प्रत्येक वेळी गाडीत बारा-चौदा माणसे. हे पुढे ड्रायव्हरजवळ, मी मागे पोरांना आणि डब्यांना सांभाळत. दोघांनीच कुठे गेलो असू, तर ते एकदाच. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या छातीत कळ आली तेव्हा, ॲम्ब्युलन्समधून. दोन स्टेंट पडले.

घरी आल्यावर सहा आठवडे सक्तीची विश्रांती होती. तेव्हा हे मोबाईलवर एक व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहायचे. समुद्रात खांबांवर उभे असलेले एक मुसलमान मच्छीमारांचे गाव, मध्ये सोनेरी घुमटाची मशीद आणि पाण्यावर तरंगणारे फुटबॉलचे मैदान. गावाचे नाव को पन्यी, देश थायलंड. एके दिवशी मी सहज विचारले, “तुम्हाला कधी काही पाहावेसे वाटले का हो?” ह्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “समुद्र.” आयुष्य पाणी उपसण्यात गेलेल्या माणसाने समुद्र पाहिलेला नव्हता, आणि मला ते माहीत नव्हते.

तेव्हाच ठरले. भारतीयांना थायलंडमध्ये पर्यटनासाठी तेव्हा व्हिसा लागत नव्हता. डॉक्टरांनी हो म्हटले. भिशी आणि एक मोडलेली एफडी मिळून पैसे जमले. मे 2025 च्या शेवटच्या आठवड्यात, पोरांना आजीजवळ ठेवून आम्ही वर्ध्याहून हावड्याची गाडी पकडली. कोलकात्याहून बँकॉकचे विमान अडीच तासांचे, आणि वर्धा तर हावडा-मुंबई मार्गावरच. हा रस्ता ह्यांनी शोधला होता आणि त्यांना त्याचा फार अभिमान होता.

पहिला धडा विमानतळावर

अभिमान कोलकात्याच्या विमानतळापर्यंत टिकला. खिडकीवरच्या मुलीने विचारले, “डिजिटल अरायव्हल कार्ड?”

थायलंडने 1 मे 2025 पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला हा ऑनलाइन अर्ज सक्तीचा केला होता. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत तो भरायचा असतो. आम्ही त्याचे नावही ऐकले नव्हते. ह्यांनी घाईघाईने मोबाईलवर शोधले, जे पहिले पान उघडले त्यावर माहिती भरली, आणि मागितले तेवढे पैसेही दिले. काम झाले. विमानात शेजारच्या प्रवाशाने हसत सांगितले, “सरकारी संकेतस्थळावर हा अर्ज फुकट असतो. तुम्ही दलालाच्या पानावर गेलात.” दोघांचे मिळून अडीच हजार रुपये आकाशात उडण्याआधीच उडाले होते.

मी काही बोलले नाही. हेही काही बोलले नाहीत. फक्त एवढेच म्हणाले, “काही नाही, होते असे.” हे “काही नाही” लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

अक्षरे ओळखीची, वाचता मात्र येईना

बँकॉकच्या विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. आपल्याला वाचताच अर्थ कळतो, पण तिथले लोक त्याचा उच्चार ‘सुवन्नफूम’ असा करतात. सगळा देशच आम्हाला असा वाटला, ओळखीचा आणि तरी हाती न लागणारा. थाई लिपी आपल्या देवनागरीची दूरची बहीण आहे. तिची मुळाक्षरेही ‘क’, ‘ख’ पासूनच सुरू होतात. आपण ‘क कमळाचा’ म्हणतो, तिकडची मुले ‘क’ कोंबडीचा आणि ‘ख’ अंड्याचा म्हणतात, कारण थाई भाषेत कोंबडी म्हणजे ‘काय’ आणि अंडे म्हणजे ‘खाय’. शिक्षिका म्हणून मला याची मोठी मौज वाटली. पण पाटी वाचता आली नाही की मौज लवकर संपते.

आयुष्यभर मी डावीकडून उजवीकडे मराठी आणि उजवीकडून डावीकडे उर्दू शिकवत आले. दोन्ही बाजूंनी वाचता येणारी बाई तिथे निरक्षर झाली. एकच शब्द वाचता यायचा, हॉटेलच्या काचेवर आणि बिस्किटांच्या पुड्यावर अरबीत लिहिलेला ‘हलाल’. थायलंडमध्ये मुसलमान पाच टक्क्यांच्या आसपास, पण तिथल्या इस्लामी मंडळाचे हे चिन्ह जागोजाग दिसते. चुलालाँगकॉर्न विद्यापीठात तर हलाल पदार्थ तपासण्यासाठी विज्ञान केंद्रच आहे.

पहिल्या संध्याकाळी खोलीत किब्ल्यावरून गोंधळ झाला. बाहेर ढग होते, सूर्य दिसत नव्हता. मोबाईलचा होकायंत्र दर दोन मिनिटांनी मत बदलायचा. शेवटी अंदाजाने आम्ही मगरिब पढलो. सकाळी सूर्य उगवला तो नेमका आम्ही सजदा केला होता त्या बाजूला. हे म्हणाले, “आपण प्रामाणिकपणे शोधले होते, अल्लाह कबूल करील.” आमच्या मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांनीही नंतर हेच सांगितले.

‘क्लाय’ म्हणजे काय?

बँकॉकमध्ये मला बान क्रुआ ही वस्ती पाहायची होती. सेनसेप नावाच्या कालव्याकाठी चाम मुसलमानांचा हा जुना मोहल्ला आहे. कंबोडियाकडून आलेल्या या लोकांनी सयामच्या राजाच्या बाजूने लढाई केली, म्हणून पहिल्या राम राजाच्या काळात (1782–1809) त्यांना इथे जागा मिळाली. पुढे ते रेशीम विणू लागले. जिम थॉम्पसन या अमेरिकन व्यापाऱ्याने थाई रेशीम जगभर नेले, त्याच्यासाठी विणणारे हात याच मोहल्ल्यातले होते. थॉम्पसन 1967 मध्ये मलेशियात फिरायला गेला आणि कायमचा बेपत्ता झाला. त्याचे घर आज संग्रहालय आहे, आणि कालव्याच्या पलीकडे त्याच्या विणकरांची वस्ती. मी कापसाच्या गावची. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एके काळी विलायतेच्या बाजारात घेतले जायचे. धागा विणणाऱ्यांची गल्ली पाहिल्याशिवाय मला परत यायचे नव्हते.

कालव्यातून प्रवासी बोटी धावतात. बोटीच्या दोन्ही बाजूंना ताडपत्री असते आणि ती दोरीने वर ओढायची असते, नाहीतर समोरून बोट आली की कालव्याचे काळे पाणी तोंडावर येते. हे आम्हाला कळले ते पाणी तोंडावर आल्यावर. शिवाय आम्ही बोट धरली ती उलट्या दिशेची. बऱ्याच वेळाने उतरलो तेव्हा बान क्रुआ मागे कुठेतरी राहिले होते.

एका फळवालीला विचारले, “मशीद?” ती हात दाखवून म्हणाली, “क्लाय.” मोबाईलला ऐकवले, त्याने सांगितले, “जवळ.” आम्ही चालू लागलो. दहा मिनिटे झाली, वीस झाली, चाळीस झाली. उन्हाचे आम्हाला वावडे नाही, मे महिन्यातली वर्ध्याची दुपार आम्ही रोज सोसतो. पण तिथले ऊन ओले असते, अंगाला चिकटते. माझी नजर सारखी ह्यांच्या चेहऱ्याकडे आणि हे मात्र पुढे पुढे.

अखेर मशिदीत पोहोचल्यावर हिजाब घातलेल्या एका कॉलेजच्या मुलीने कोडे सोडवले. थाई भाषेत ‘क्लाय’ सपाट सुरात म्हटले तर दूर, आणि सूर वरून खाली आणला तर जवळ. शब्द एकच, अर्थ उलट. ती फळवाली बिचारी सांगत होती, “फार दूर आहे, बोटीने जा.”

मी हसत सुटले, पण मनात आले, आपल्या घरातही असा एक शब्द आहे. “काही नाही.” एका सुरात म्हटले तर खरेच काही नाही, दुसऱ्या सुरात म्हटले तर सगळेच काही आहे.

बान क्रुआत आता मोजकेच माग उरले आहेत. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने थांबावे. वस्तीवरून द्रुतगती मार्गाचा फाटा नेण्याची योजना होती, ती या लोकांनी अनेक वर्षे लढून थांबवली. एका विणकर म्हाताऱ्याने मला मागाच्या दोऱ्यावर बोट ठेवू दिले. आम्ही एकमेकांशी काहीच बोलू शकलो नाही. निघताना त्यांनी सलाम केला आणि आम्ही उत्तर दिले.

रेल्वे चुकली, आणि बोलणेही थांबले

आता समुद्राकडे. बँकॉकहून रात्रीच्या गाडीने सुमारे साडेसहाशे किलोमीटर दक्षिणेला सुरत थानी आणि तिथून बसने क्राबी, असा बेत होता. एका ओळखीच्याने पूर्वी सांगितले होते, “गाडी हुआलाम्फोंग स्टेशनवरून सुटते.” 1916 चे ते जुने, कमानीचे, देखणे स्टेशन. आम्ही तासभर आधीच पोहोचलो. फलाटावर शुकशुकाट. तिकिटावर ‘क्रुंग थेप अभिवत’ असे लिहिले होते. मी दोनदा म्हटले, “अहो, कुणाला तरी विचारा.” हे म्हणाले, “क्रुंग थेप म्हणजे बँकॉकच. त्यांच्या भाषेत शहराचे नाव आहे ते. काय विचारायचे?”

अर्थ बरोबर होता, पण स्टेशन चुकीचे. जानेवारी 2023 पासून लांब पल्ल्याच्या गाड्या शहराच्या उत्तरेला बांधलेल्या नव्या स्टेशनवरून सुटतात आणि त्या नव्या स्टेशनचेच नाव क्रुंग थेप अभिवत आहे. पहारेकऱ्याने तिकीट पाहून कपाळाला हात लावला आणि आम्हाला मेट्रोकडे पिटाळले. नव्या स्टेशनवर पोहोचलो तेव्हा गाडी जाऊन दहा मिनिटे झाली होती.

तिथे, हजारो माणसांच्या देखत, मी बावीस वर्षांचे बोलून घेतले. “विचारायला तुमचे काय जाते? प्रत्येक वेळी सगळे तुम्हालाच माहीत असते! आजारपणही तुम्ही असेच लपवले होते. दोन दिवस छाती दुखत होती, आणि मला काय सांगितले? काही नाही!”

हे गप्प झाले. पुढच्या गाडीत पंख्याच्या डब्यात बसायची जागा मिळाली. रात्रभर ताठ बसून साडेसहाशे किलोमीटर आम्ही एक शब्द बोललो नाही.

पहाटे समोरच्या बाकावरच्या डोक्याला रुमाल बांधलेल्या बाईने केळीच्या पानात बांधलेला चिकट भात पुढे केला आणि स्वतःकडे बोट दाखवून म्हणाली, “मुस्लिम. हलाल.” भात एकच होता. त्याचे दोन भाग करताना मोठा भाग ह्यांनी माझ्या हातात दिला. भांडण तिथे मिटले असे नाही, पण उतरणीला लागले.

सुरत थानीच्या फलाटावर मला एक गोष्ट आठवली. 1915 मध्ये सयामच्या राजाने या शहराला आपल्या गुजरातमधल्या सुरतेचे नाव दिले आणि इथल्या नदीला तापीचे. आपली तापी मुलताईला उगम पावते, आणि आमची वर्धा नदीही त्याच मुलताईच्या डोंगराळ भागातून निघते. मी ह्यांना सांगितले, “इथल्या नदीचे नाव तापी आहे.” हे म्हणाले, “मग घरच्यासारखेच आहे.” बोलणे सुरू झाले.

समुद्र, फजर आणि मुसलमानी रस्सा

क्राबीला आओ नांगच्या किनाऱ्यावर ह्यांनी समुद्र पाहिला. चपला न काढता हे पाण्याच्या काठावर उभे राहिले. किती तरी वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे कोणत्या इंजिनाने उपसायचे?” विनोद केला, पण आवाज भरून आला होता.

क्राबी, फांगन्गा, सतून या भागात मुसलमान वस्ती दाट आहे. रोट्या फिरवणारे गाडे, ‘खाओ मोक’ नावाची बिर्याणी, आणि ‘मस्समन’ नावाचा रस्सा. मस्समन हे मुसलमान या शब्दाचेच रूप. मेन्यूत आपलेच नाव वाचून बरे वाटते. जिथे हलालचे चिन्ह नसेल तिथे ‘मू’ हा शब्द ऐकू आला की उठायचे, मू म्हणजे डुक्कर. एकदा ह्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने “मू, मू” म्हणत नकाराचा हात हलवला, आणि दुकानदाराने हसत हसत तेच वाढायला घेतले. हाताच्या खुणेपेक्षा त्याने शब्दावर विश्वास ठेवला होता. तेव्हापासून ‘माय साय मू’, म्हणजे डुक्कर घालू नका, हे वाक्य पाठ केले.

फजरला आम्ही मशिदीत गेलो. इकडचे बहुतेक लोक शाफई पद्धतीचे. दुसऱ्या रकातीत रुकूनंतर इमाम साहेब उभे राहून कुनूतची दुआ पढू लागले. हे हनफी, सवयीने सरळ सजद्यात. बाकी सगळी सफ उभी. हे मला बाहेर आल्यावर त्यांनीच सांगितले आणि दोघेही मशिदीच्या पायरीवर हसत बसलो. मला मात्र दुसरीच गोष्ट मनात राहिली. तिथे बायकांसाठी वेगळा भाग होता आणि खुंटीवर नमाजचे पांढरे पोशाख टांगलेले होते, पाहुण्या बाईने आपले समजून घालावेत म्हणून. आमच्या गावात मला मशिदीत पढण्याची सवयच नाही. त्या पोशाखात त्या बायकांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले तेव्हा मला मी परदेशात आहे असे वाटले नाही.

खांबांवरचे गाव

शेवटी को पन्यी. क्राबीहून बसने फांगन्गा, तिथून धक्क्यापर्यंत सोंगथेव. सोंगथेव म्हणजे दोन रांगा. मागे दोन बाके टाकलेली गाडी, आपल्या काळी-पिवळीची सख्खी बहीण. धक्क्यावर उतरल्यावर हे खिसे चाचपू लागले, मग पाठीवरची पिशवी उघडून पाहिली. मी विचारले, “काय झाले?” हे म्हणाले, “काही नाही.”

सूर मला खटकला होता. पण समोर बोट उभी होती.

हे गाव जावाकडून आलेल्या मच्छीमार कुटुंबांनी दोनेकशे वर्षांपूर्वी वसवले. समुद्रातून सरळ वर गेलेला चुनखडीचा प्रचंड कडा, त्याच्या पायथ्याशी, पाण्यात रोवलेल्या खांबांवर घरे. जमीन जवळजवळ नाहीच. तरी सुमारे दीड हजार माणसे राहतात, शाळा आहे, दवाखाना आहे, मशीद आहे. 1986 चा विश्वचषक टीव्हीवर पाहून इथल्या पोरांना फुटबॉलचे वेड लागले. खेळायला जमीन नव्हती, तेव्हा त्यांनी मोडके लाकूड आणि मासेमारीचे तराफे जोडून पाण्यावर मैदान केले. खिळे पायात घुसायचे, चेंडू समुद्रात पडायचा. त्यातून तयार झालेला संघ पुढे नावाजला. आता मैदान नवे आहे. ज्या मैदानाचा व्हिडिओ ह्यांनी आजारपणात शंभर वेळा पाहिला, त्याच्या कडेला हे अर्धा तास बसून राहिले. एक चेंडू पाण्यात पडला तेव्हा हेही पोरांबरोबर ओरडले.

मी शाळेच्या दारात डोकावले. वर्गातल्या बाईंनी हात हलवला, मी हात हलवला. दोन्ही बाजूंना चाळीस मुलांचा गोंगाट ओळखणाऱ्या बायका. भाषा लागली नाही.

या गावात दारू विकत नाहीत. आमचा वर्धा जिल्हाही दारूबंदीचा. मी ह्यांना म्हटले, “घरी सांगायला बरे. थायलंडमध्येही आम्ही दारूबंदीच्याच गावात गेलो होतो.”

भर समुद्रात

जुहर आणि असरची कसर पढून परत निघालो तेव्हा आभाळ काळे झाले होते. बोट लांब शेपटीची. लाकडी होडीच्या मागे इंजिन आणि त्याला लांब दांडा, दांड्याच्या टोकाला पंखा. बोटीत आम्ही दोघे, म्हातारा नावाडी आणि त्याचा चौदा-पंधरा वर्षांचा नातू. अर्ध्या वाटेवर वारा सुटला, लाटा उठल्या, पावसाने समोरचे कडे पुसून टाकले, आणि इंजिन दोनदा खोकून बंद पडले.

विदर्भातल्या माणसाला पोहता येत नाही असे नाही, पण मला येत नाही. बोट आडवी झाली आणि लाट आत आली. मी बोटीची कड धरून आयतुल कुर्सी पढू लागले. एकदा विसरले, पुन्हा सुरुवात केली.

ह्यांनी मात्र कान टवकारले होते. जे इंजिन बंद पडले, ते हिंगणघाटच्या शेतकऱ्याच्या विहिरीवरच्या इंजिनाचेच भाऊबंद होते. हे सरकत मागे गेले, टाकीचे झाकण उघडले, आत बोट बुडवले आणि मराठीतच म्हणाले, “टाकी तळाला गेली. डोलण्यात पायपाने हवा ओढली.” नावाड्याला शब्द कळला नाही, पण बोट कळले. त्याने डिझेलचा कॅन दिला. हे नळीचा नट ढिला करून हवा काढू लागले. फेस आला, बुडबुडे आले, मग साफ डिझेल. आता हँडल मारायचे होते.

ह्यांनी हँडल हातात घेतले आणि मी किंचाळले, “नाही! तुम्ही नाही!”

पावसात, डोलत्या बोटीत ह्यांनी माझ्याकडे पाहिले. बावीस वर्षांत माझ्या सांगण्यावरून ह्यांनी हातातले काम सोडल्याचे मला आठवत नाही. त्यांनी हँडल त्या पोराच्या हातात दिले. म्हातारा “बिस्मिल्लाह” म्हणाला, हेही “बिस्मिल्लाह” म्हणाले, पोराने हँडल मारले. तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडले.

धक्क्यावर म्हाताऱ्याने पैसे घ्यायला नकार दिला. ह्यांनी ते पोराच्या खिशात कोंबले.

दोन पिशव्या

किनाऱ्यावरच्या टपरीत गरम चहा घेताना ह्यांनी कप खाली ठेवला. “तुला एक सांगायचे आहे. सकाळी सोंगथेवमध्ये औषधांची पिशवी राहिली.”

रक्त पातळ ठेवणारी गोळी. स्टेंट पडलेल्या माणसाने एक दिवसही चुकवू नये असे डॉक्टरांनी बजावले होते. सकाळपासून हे माहीत असून हा माणूस हसत होता, फुटबॉल पाहत होता, माझा दिवस खराब होऊ नये म्हणून. पाण्यात इंजिन दुरुस्त करताना हेच त्यांच्या डोक्यात होते.

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण मलाही एक सांगायचे होते. मी पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातून रुमालात बांधलेल्या गोळ्या काढल्या. तीन दिवसांच्या. घरून निघतानाच बाजूला काढल्या होत्या, आणि ह्यांना सांगितले नव्हते. सांगितले असते तर म्हणाले असते, माझ्यावर विश्वास नाही का? खरे तर नव्हताच.

दोघेही एकमेकांपासून एकाच गोष्टीची काळजी लपवत होतो. चहा थंड झाला. ह्यांनी गोळी घेतली आणि म्हणाले, “यापुढे दोन पिशव्या. पण दोघांना माहीत असलेल्या.”

दुसऱ्या दिवशी क्राबीच्या औषध दुकानात मी मोबाईलमधला प्रिस्क्रिप्शनचा फोटो दाखवला. आपल्याकडचे कंपनीचे नाव तिथे कुणाला कळले नाही, पण खाली औषधाचे मूळ नाव होते, ते लगेच कळले. बाकी दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. हरवलेली पिशवी मात्र मिळाली नाही. तिच्यात ह्यांचा वाचायचा चष्माही होता, म्हणून परतीचे सगळे कागद मीच वाचले. आणि जिथे शंका आली तिथे ह्यांनीच पुढे होऊन विचारले.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

कुणी जाणार असेल तर आमच्या चुकांतून एवढे घ्या. नियम बदलत असतात, म्हणून व्हिसा आणि अरायव्हल कार्डाची माहिती निघण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहा. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर भरा, पैसे मागितले तर समजा पान चुकले. औषधे दोघांच्या सामानात विभागून ठेवा आणि मूळ नावासह प्रिस्क्रिप्शनचा फोटो जवळ असू द्या. पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1155 आणि ॲम्ब्युलन्सचा 1669. मे ते ऑक्टोबर अंदमान समुद्राकडचा पावसाळा, तेव्हा स्वस्ताई असते आणि बोट सकाळीच घ्यावी. आणि रस्ता विचारताना ‘जवळ की दूर’ विचारू नका, किती मिनिटे ते बोटांवर मोजून दाखवायला सांगा.

हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दल सांगतात की कुणी एखाद्या माणसाच्या चांगुलपणाची ग्वाही दिली, तर ते विचारत, त्याच्याबरोबर कधी प्रवास केला आहेस का? हा प्रसंग मी मुलांना वर्गात अनेकदा सांगितला होता. त्या माणसाच्या जागी नवरा-बायकोला ठेवून कधी पाहिले नव्हते.

घरी पोहोचलो तेव्हा सासूबाई दारातच होत्या. मुलाला डोक्यापासून पायापर्यंत पाहून म्हणाल्या, “काळा पडलास. काय पाहिलेस एवढे?” ह्यांनी को पन्यीचा फोटो दाखवला. अम्मींनी चष्मा लावून मशिदीचा घुमट बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, “पाण्यावर अजान होते तिथे?”

“होते अम्मी. पाचही वेळा.”

आता उमऱ्यासाठी नवी भिशी लावली आहे, तिघांची. इन्शाअल्लाह. औषधांच्या पिशव्या तीन असतील.